आईचं जातं आणि लंडनची बस

यंदाच्या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी आम्ही सगळे एका घरात जमलो होतो. ताईही आली होती. तिला आता त्र्याऐंशी पूर्ण झाली. कानाला थोडं कमी ऐकू येतं, पण जे ऐकू जायला नको ते मात्र नेमकं जातं.

फराळाला बसलो असताना नातवाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यात पावलं मोजली जातात म्हणे. "आजोबा, आज साडेआठ हजार झाली!" झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. आमच्या वेळी कुणाला व्यायाम लागत नसे, तुझी पणजी पहाटे उठून पायलीभर धान्य दळायची, आडावरून पाणी शेंदायची, शेतात राबायची, तिला कुठलं जिम आणि कुठलं घड्याळ, कामातच व्यायाम होता बाबा, वगैरे वगैरे. हे भाषण मी चौतीस वर्षं वर्गात केलं आहे. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की जातं आणि गिरणी यांचा उल्लेख व्हायचाच आणि त्यामागून हे यायचं. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघातही दोनदा केलं, टाळ्याही मिळाल्या.

ताई चकली मोडता मोडता म्हणाली, "तुला काय माहीत? तू झोपलेला असायचास."

"अगं, मला आठवतंय ना, आईच्या मांडीवर डोकं ठेवून..."

"मांडीवर तू होतास. समोरून खुंट्याला मी होते." आणि मग जरा थांबून, "अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली ती. कंबरेत वाकून. व्यायाम करणाऱ्याचं असं होतं का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. सुनेने चहा आणला, विषय बदलला. पण प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. इतिहास शिकवला आयुष्यभर, आणि घरातल्या इतिहासाबद्दल इतकं ठोकून बोलत आलो! म्हणून गेले दोन महिने जरा वाचलं, जावयाकडून इंग्रजीतलं काही समजावून घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो आहे. (ताईला तिची नात मोबाईलवर माझे लेख वाचून दाखवते, त्यामुळे जपून लिहायला हवं.)

माझ्या भाषणाला शास्त्राचा आधार नव्हता असं मात्र नाही. उलट या विषयाचा आधुनिक इतिहास सुरूच होतो तो माझ्या बाजूने. जेरेमी मॉरिस नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर होते. जन्म १९१०, लिव्हरपूलचा. लहानपण ग्लासगोत गेलं, घर पोलंडकडून आलेल्या गरीब स्थलांतरितांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती आणि कारण कुणालाच नीट कळत नव्हतं. मॉरिस यांना वाटलं, माणूस कोणतं काम करतो याचा याच्याशी काही संबंध आहे का ते पाहावं. १९४९-५० मध्ये त्यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासायला घेतल्या.

इथे लंडनच्या दुमजली बसचा उपयोग झाला. एकाच बसमध्ये दोन माणसं. दोघांचा सामाजिक थर एक, खातं एक. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं देत सारखा वर-खाली. कंडक्टर एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. आणि आकडे आले ते असे की कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. शिवाय ज्या कंडक्टरांना झटका आला त्यांनाही तो उशिरा आणि कमी जीवघेणा. मॉरिस यांनी लगेच डांगोरा पिटला नाही. त्यांना वाटलं, बसमध्ये काही वेगळंच कारण असेल, रहदारीचा ताण वगैरे. म्हणून त्यांनी टपाल खात्याकडे पाहिलं. तिथेही तेच! पायी आणि सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा आणि टेलिफोनवाल्यांपेक्षा बरे निघाले. मग १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे सगळं छापून आलं.

यातला मला सर्वांत आवडलेला भाग विजारींचा आहे. कुणीतरी शंका काढणारच की ड्रायव्हर आधीपासूनच जाडे असतील, मग दोष बसण्याचा कसा? मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय करावं? खात्यातून कामगारांना गणवेश मिळत, त्या गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या! १९५६ साली तो निबंध आला. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर प्रत्येक वयोगटात कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, अगदी तरुणांमध्येसुद्धा. म्हणजे शंका काही अंशी खरी होती. पुढे त्यांनी असंही तपासलं की सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, स्थूल ड्रायव्हर आणि स्थूल कंडक्टर अशा जोड्या लावल्या तर काय दिसतं. तरीही कंडक्टरच सरस ठरले. शिंप्याच्या वहीतून इतिहास काढणारा हा माणूस मला फार आपला वाटला. आम्ही मुलांना सांगायचो, इतिहासाची साधनं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी. विजारीचं माप कधी सांगितलं नाही.

(आपल्या मुंबईत हा प्रयोग जमला नसता. बेस्टच्या जुन्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्याला वेगळा आणि खालच्या मजल्याला वेगळा कंडक्टर असे. दुमजली बस मुंबईत १९३७ साली आली आणि जुन्या डिझेलच्या बसमधली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. लंडनमध्ये कंडक्टरवाल्या जुन्या बसची नियमित सेवा डिसेंबर २००५ मध्येच संपली. म्हणजे ज्यांच्यामुळे हे ज्ञान मिळालं तो पायऱ्या चढणारा कंडक्टरच आता उरला नाही.)

तर इथपर्यंत माझं भाषण शाबूत आहे. काम करा, चढा, उतरा, चाला. व्यायाम आपोआप होतो.

पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की बसून करायची कामं वाढत चालली आहेत आणि उद्या सगळेच ड्रायव्हर होणार. मग नोकरीत हालचाल नसलेल्या माणसाने फावल्या वेळात केलेली हालचाल उपयोगी पडते का? १९६८ ते १९७० या काळात त्यांनी ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांतल्या जवळजवळ सतरा हजार मध्यमवयीन अधिकाऱ्यांना गाठलं. सोमवारी सकाळी त्यांच्यापुढे कागद ठेवला: गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केलंत ते लिहा. सगळेच खुर्चीवर बसणारे. फरक फक्त सुटीच्या वेळातला. १९७३ साली निष्कर्ष आला. जे पोहणं, जोरात चालणं-पळणं, बागेत खणणं अशी दम लागणारी हालचाल करत होते त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण एक तृतीयांश होता. सकाळी फिरायला जाणाऱ्या, पळणाऱ्या, जिममध्ये घाम गाळणाऱ्या आजच्या सगळ्या मंडळींची वंशावळ इथे जाऊन मिळते. मॉरिस स्वतः म्हातारपणीही पोहायचे, चालायचे. २००९ साली, शंभरीला काही महिने कमी असताना ते गेले.

वीस वर्षांच्या या दोन अभ्यासांत एक गोष्ट गुपचूप बदलली. पहिल्यात हालचाल पोटासाठी होती, दुसऱ्यात हौसेची. आपण दोन्हीला एकच नाव देऊन टाकलं आणि मी तर वर्गात उलट्या बाजूने तेच करत आलो, आईच्या कामाला व्यायाम म्हणत आलो.

व्यायाम कुणी करायचा, याबद्दल आपल्याकडचा इतिहासही बोलका आहे. माझे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथे सूर्यनमस्कार सक्तीचे होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा प्रचार हे आपलं जीवितकार्यच मानलं होतं, १९३८ साली त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तकही लंडनहून निघालं. पण राजेसाहेबांनी सुरुवात केली होती ती सँडो या युरोपातल्या पहिलवानाच्या पद्धतीने. १८९७ साली त्याची साधनं नि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं तो व्यायाम केला, मग नमस्कारांकडे वळले. राजाला व्यायाम लागला, कारण राजाला पाणी शेंदावं लागत नव्हतं. यात टीका नाही. ज्याला गरज होती त्याने ती ओळखली आणि शाळेतल्या पोरांनाही दिली. वडील पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत रोज नमस्कार घालत होते. ते घालून झाले की ताक घेऊन ओसरीवर टेकत, कुणी बोललेलं खपत नसे.

दुसरं उदाहरण तालमीचं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. मल्ल पहाटे उठून हजारो जोर-बैठका काढत. अंगाला पडणारा ताण पाहिला तर जातं ओढणाऱ्या बाईपेक्षा जास्तच. पण मेहनत झाल्यावर मल्लाला दूध, तूप, बदामाची थंडाई, अंगाची मालिश, आणि दुपारची गाढ झोप. तालमीत ही झोप चैन मानत नाहीत, मेहनतीचाच भाग मानतात. वस्ताद खुराकावर जेवढं लक्ष ठेवतो तेवढंच पोरगं झोपलं की नाही यावरही. माझ्या डोक्यात हे आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आईला पहाटेच्या मेहनतीनंतर काय मिळत होतं? सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं. आणि झोप कधी?

तेच काम शिक्षा म्हणूनही देतात, हा तर इतिहासातला जुना भाग. आज जिममध्ये जिच्यावर पैसे भरून पळतात त्या ट्रेडमिलचा जन्म तुरुंगातला. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना कामाला लावण्यासाठी मोठं फिरतं चाक बनवलं. कैदी त्याच्या पायऱ्या चढत राहत आणि चाक फिरत राही. बऱ्याच तुरुंगांत या चाकावर धान्य दळत! १८९८ च्या कायद्याने इंग्लंडात ही शिक्षा बंद झाली, पण त्याआधी ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकालाही ती भोगावी लागली. अंदमानात आपल्या राजबंद्यांना बैलासारखं कोलूला जुंपत ते तर आपण शाळेपासून वाचत आलोच आहोत. कोलू फिरवून स्नायू कमावले असतील, असं वर्गात म्हणायची माझी कधी हिंमत झाली असती का? जात्याबद्दल मात्र खुशाल म्हणत होतो.

शास्त्रज्ञांनाही हा फरक अलीकडेच छळू लागला आहे. डेन्मार्कमधले आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं यावर काम करत आहेत. २०२१ साली त्यांनी कोपनहेगन परिसरातल्या १,०४,०४६ स्त्री-पुरुषांचा साधारण दहा वर्षांचा हिशेब मांडला. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसलं. आणि नोकरीत सर्वांत जड काम करणाऱ्यांमध्ये ते सुमारे २७ टक्क्यांनी जास्त! शिक्षण, उत्पन्न, सिगारेट-दारू यांचा परिणाम शक्य तेवढा वजा करूनही. ते जी कारणं सुचवतात ती ऐकताना मला तालमीतल्या वस्तादाचीच आठवण झाली. हौसेचा व्यायाम थोडा वेळ, जोरात, आणि मग विश्रांती. कामातली मेहनत तासन् तास, संथ, वजन उचलून, एकाच अंगाने; नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढेच; आणि थांबायचं कधी ते दुसरं कुणीतरी ठरवणार.

अर्थात हा शेवटचा शब्द नाही. त्याच वर्षी नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासात अंगमेहनतीची कामं करणारे पुरुष उलट थोडे जास्तच जगलेले दिसले. कष्ट करणारा माणूस बहुधा गरीब असतो, आणि गरिबीचा परिणाम आकड्यांतून वजा करणं सोपं नाही. मॉरिस यांना ते शेवटी चांगलंच उमगलं होतं असं दिसतं. नव्वदीच्या उंबरठ्यावर, २००० साली, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वेगळाच हिशेब मांडला: तरुण माणसाला निरोगी जगायला आठवड्याला किमान किती पैसे लागतात? त्यात सकस अन्न आणि घरभाडं यांच्या बरोबरीने व्यायामाचा खर्चही धरला होता. ज्याने पायऱ्या मोजल्या त्याने शेवटी पैसे मोजले. मला वाटतं, वेळही मोजायला हवा होता.

उलट बाजूचीही एक नोंद करतो, नाहीतर सौ. रागावेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधी सांगत, हालचाल सलग निदान दहा मिनिटं झाली तरच धरा. ती अट आता काढून टाकली आहे. म्हणजे झाडणं-पुसणं, बाजारातून पिशवी आणणं, जिने चढणं हे सगळं आता अधिकृतपणे हिशेबात आलं. हे सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "आलं का हिशेबात? मग गेल्या पन्नास वर्षांचं बिल पाठवते तुझ्याकडे." असो.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर काय? कंडक्टरच्या बाजूने पाहिलं तर आईच्या हृदयाला त्या हालचालीचा उपयोग झालाही असेल. पण कंडक्टरची पाळी संपत होती. त्याला पगार होता, आठवड्याची सुटी होती. आमच्या घरात तेव्हा अकरा माणसं. जात्यावरच्या ओव्यांचं आपण किती कौतुक करतो! गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, केवढं मोठं काम. पण त्या ओव्या मुळात कशासाठी होत्या? हात थांबू नये म्हणून. हे मी मराठीच्या तासाला कधी सांगितलं नाही.

गेल्या रविवारी ताईला फोन केला. म्हटलं, मला नीट सांग, दळण किती वाजता सुरू व्हायचं?

"घड्याळ कुठं होतं? चांदणं असायचं. तांबडं फुटेपर्यंत चालायचं."

"मग?"

"मग पाणी. आठ-नऊ खेपा. मग शेण, मग भाकऱ्या, मग शेतात."

"गिरणी आल्यावर तरी सुटली ना ती?"

ताई हसली. "गिरणी शेजारच्या गावाला. पायली डोक्यावर घेऊन जायची, पीठ डोक्यावर घेऊन यायची. ओढ्याला पाणी असलं की वळसा घालून."

हे मला माहीतच नव्हतं! मी वर्गात सांगायचो, गिरणी आली आणि बायकांचा व्यायाम गेला.

"दुपारी कधी आडवी व्हायची का गं?"

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "एकदा पाहिलंय. तापात. तेव्हासुद्धा आजीला दिसू नये म्हणून माजघरात."

पुढे काय बोलावं मला सुचेना. तिनेच विचारलं, "तुझं सकाळचं फिरणं चालू आहे ना?"

म्हटलं, "हो, चालू आहे. पाऊण तास."

"हातात काही असतं का?"

"काही नाही. कधी छत्री."

"फिर," ताई म्हणाली. "आईला फार आवडलं असतं, असं मोकळ्या हातानं चालायला."